टाकाऊतून वीज : एका संशोधकाची वाट आणि आपली मुलं

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त चांदवड येथे केलेले भाषण)



समितीने आम्हाला ‘वर्धापनदिनाला दोन शब्द बोला’ असा निरोप दिला, तेव्हा विषय कोणता घ्यावा हा प्रश्न पडला. थोरामोठ्यांची चरित्रं आपण दरवर्षी ऐकतो, ती ऐकलीच पाहिजेत. पण आम्ही पडलो विज्ञानाचे मास्तर. आयुष्यभर खडू आणि परीक्षानळी हाती धरली. म्हणून म्हटलं, आज आपल्या घरातल्या एका साध्या वस्तूवर बोलू. ती वस्तू म्हणजे बॅटरी. आणि त्या बॅटरीवर सारं आयुष्य लावणाऱ्या एका संशोधकावर बोलू.

आपल्या चांदवड भागात बॅटरी म्हटलं की हातातली विजेरी आठवते. थ्री फेज लाइट रात्रीची, कांद्याला पाणी भरायला मध्यरात्री निघायचं, एका खांद्यावर फावडं आणि हातात बॅटरी. वाटेत साप आहे की बिबट्या, ते त्या उजेडावर कळायचं. घरात रेडिओ. रेडिओचे सेल उतरले की आवाज बसायचा. मग घरातली म्हातारी माणसं काय करायची? सेल काढून पत्र्यावर उन्हात ठेवायची. दुपारभर तापले की संध्याकाळच्या बातम्यांपुरता रेडिओ पुन्हा बोलायचा. तुमच्यातल्या चाळिशीच्या पुढच्या प्रत्येकाने हे केलं आहे, हो की नाही?

आमच्या वर्गातल्या एका मुलीने एकदा विचारलं होतं, “सर, सेल उन्हात ठेवल्यावर पुन्हा का चालतो?” आणि आम्ही उत्तर दिलं होतं, “बाळ, ते परीक्षेला येत नाही.” या मुलीची गोष्ट शेवटी सांगू. आज इथे उभं राहण्याचं खरं कारण तीच आहे.

आधी तिच्या प्रश्नाचं उत्तर देऊ.

लहानपणी आपण जुना सेल दगडाने फोडला आहे. बाहेर जस्ताचं डबडं. आत काळी पूड. मधोमध कोळशाची कांडी, तिने आपण फरशीवर रेघा ओढायचो. काळी पूड म्हणजे मुख्यतः मँगनीजचं ऑक्साइड. हे मँगनीज आपल्याच महाराष्ट्रात नागपूर-भंडाऱ्याकडच्या खाणीतून निघतं. आणि ओलसर लगदा असायचा तो नवसागराचा. तोच नवसागर, जो कल्हईवाला भांड्यावर टाकायचा! 1866 साली लेक्लांशे नावाच्या फ्रेंच माणसाने ही जुळणी केली आणि आपल्या विजेरीचा सेल तिच्याच वंशातला.

यात वीज कुठून येते? जस्ताला आपले इलेक्ट्रॉन सोडायचे असतात, मँगनीजला ते हवे असतात. देणारा आणि घेणारा समोरासमोर, पण मध्ये ओला लगदा. इलेक्ट्रॉनला त्या लगद्यातून जाता येत नाही, त्याला बाहेरच्या तारेनेच जावं लागतं. तारेत आपण बल्ब लावून ठेवलेला असतो. जाता जाता इलेक्ट्रॉन बल्ब पेटवतो. दोघे भाऊ लासलगावच्या बाजाराला निघाले, एक डोंगरातल्या पायवाटेने आणि दुसरा सडकेने, असं समजा. सडकेने जाणाऱ्याकडून आपण वाटेत काम करून घेतो. पायवाटेने जाणारा म्हणजे आयन. बाजारात दोघांची गाठ पडते. बॅटरीचं सारं गणित एवढंच आहे.

सेल जुना झाला की पायवाट चिखलाने भरते, आयन अडखळतात. उन्हाने सेल तापला की आतली हालचाल वाढते, अडलेले आयन थोडे पुढे सरकतात, राहिलेलं साहित्य कामाला येतं. ऊन सेलमध्ये नवी वीज भरत नाही. अडून बसलेली थोडी वीज मोकळी करतं. हे आहे उत्तर. दोन मिनिटांचं. ते देणं आम्हाला जमलं नव्हतं.

(बालमित्रांनो, आमचं ऐकून आजच्या मोबाइलची बॅटरी मात्र उन्हात ठेवू नका आणि फोडू तर मुळीच नका. तिच्यात लिथियम असतं, ती पेट घेते.)

आता त्या संशोधकाकडे येऊ. त्यांचं नाव डॉ. विलास पोळ. पुणे विद्यापीठात रसायनशास्त्र शिकलेला हा माणूस आज अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या पर्ड्यू विद्यापीठात रासायनिक अभियांत्रिकीचा प्राध्यापक आहे. विषय बॅटरीचं साहित्य, म्हणजे विद्युत रसायनशास्त्र. त्यांची आमची ओळखदेख नाही. त्यांच्या कामाबद्दल जे छापून आलं ते आम्ही चष्मा पुसून पुसून वाचलं. ते वाचताना वाटलं, हे आपल्या वस्तीत सांगितलंच पाहिजे.

पुण्याहून ते इस्राएलमधल्या बार-इलान विद्यापीठात पीएच. डी. साठी गेले. तिथे प्रा. आहारोन गेडान्केन यांच्या हाताखाली काम. तिथे ते दोन गोष्टी शिकले. पहिली, आवाजाने रसायन घडवणं. दवाखान्यात सोनोग्राफी करतात ना, तसाच कानाला न ऐकू येणारा आवाज, पण फार जोराचा. तो द्रवात सोडला की बारीक बारीक बुडबुडे होतात आणि फुटतात. फुटताना तिथे क्षणभर प्रचंड उष्णता होते, आणि त्यातून अगदी सूक्ष्म कण तयार होतात. दुसरी गोष्ट म्हणजे बंद भांड्यात पदार्थ तापवणं. आपला कुकरच म्हणा, फक्त पोलादी आणि शिट्टी नसलेला. आत पाणी नाही, काही नाही. पदार्थ तापतो, त्याचीच वाफ होते, तिचाच दाब चढतो आणि त्या दाबात नवा पदार्थ जन्माला येतो.

या दोन युक्त्या लक्षात ठेवा. पुढे त्या पुन्हा येणार आहेत.

नंतर ते अमेरिकेत शिकागोजवळच्या आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत गेले. तिथे मायकेल थॅकरे हे बॅटरीतले मोठे संशोधक होते. थॅकरे मूळचे दक्षिण आफ्रिकेचे. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डला जॉन गुडइनफ यांच्याबरोबर मँगनीजच्या ऑक्साइडवर काम केलं होतं. तेच मँगनीज, आपल्या सेलमधल्या काळ्या पुडीतलं! आणि गुडइनफ कोण? मोबाइलमधली लिथियम बॅटरी ज्यांच्यामुळे शक्य झाली त्यांच्यापैकी एक. 2019 साली त्यांना, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांच्यासह रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, तेव्हा त्यांचं वय 97 वर्षं होतं. एवढ्या वयात नोबेल घेणारे ते पहिलेच. आणि या माणसाला लहानपणी वाचायलाच अडचण यायची, अक्षरं जुळायची नाहीत. आपल्याकडे अशा मुलाला आपण काय म्हणतो? ‘ढ’ म्हणतो आणि शेळ्यांमागे पाठवतो.

ही साखळी मुद्दाम सांगितली. संशोधन आभाळातून पडत नाही. एकाने दुसऱ्याच्या हाताखाली बसून शिकायचं असतं, दुसऱ्याने तिसऱ्याला शिकवायचं असतं. या साखळीत पहिली कडी शाळेतला मास्तर असतो आणि त्याच्याही आधी आई-बाप असतात. ती कडी निसटली की पुढचं सगळं निसटलं.

आर्गॉनमध्ये डॉ. पोळ यांनी काय केलं? प्लास्टिकच्या पिशव्या घेतल्या. आपल्या घाटात झाडाझुडपांना लटकलेल्या दिसतात ना, बाजाराच्या दुसऱ्या दिवशी गल्लीभर उडतात ना, त्याच जातीच्या. त्या बंद पोलादी भांड्यात घालून 700 अंश सेल्सियसपर्यंत तापवल्या. पिशव्यांतून कार्बनचे बारीक गोळे मिळाले, डोळ्याला काळी पूडच दिसावी एवढे बारीक. आणि भांड्यात थोडं कोबाल्टचं संयुग टाकलं, तर कार्बनच्या पोकळ नळ्या वाढल्या. केसापेक्षा हजारो पटींनी बारीक नळ्या! 2010च्या सुमारास हे काम प्रसिद्ध झालं. जो कचरा शेकडो वर्षं कुजत नाही, त्यातून बॅटरीचं साहित्य!

कार्बनच कशाला? तर लिथियमच्या बॅटरीत ऋण टोकाला कार्बन लागतो. आता सगळीकडे ग्रॅफाइट वापरतात. ग्रॅफाइट म्हणजे पेन्सिलीतलं शिसं म्हणतो ते. त्याचे थरावर थर असतात. आपली कांद्याची चाळ डोळ्यांपुढे आणा. चाळीत जसा कांदा रचून ठेवायचा आणि भाव आला की काढायचा, तसं चार्ज करताना लिथियम या थरांत शिरून बसतं आणि मोबाइल वापरताना बाहेर पडतं. चाळ मजबूत पाहिजे, रोज भरली-काढली तरी कोसळता कामा नये. आणि जास्त माल मावला पाहिजे. ग्रॅफाइटमध्ये सहा कार्बनमागे एकच लिथियम मावतं. हिशोबाने एका ग्रॅममागे 372 मिलिअँपिअर-तास, त्यापुढे नाही.

2014 साली डॉ. पोळ पर्ड्यूला आले. नवी प्रयोगशाळा मांडायची होती. यंत्रांची खोकी येऊ लागली. खोक्यांत भुईमुगाच्या शेंगेच्या आकाराचे हलके हलके तुकडे भरलेले, सामान फुटू नये म्हणून घालतात ते. टीव्हीच्या खोक्यात आपल्याकडे पांढरा थर्माकोल येतो ना, त्याच कुळातले. खोलीभर तुकडे झाले. दुसरा कोणी असता तर शिपायाला हाक मारून उकिरड्यावर टाकायला लावले असते. डॉ. पोळ म्हणाले, याचं काही करता येईल का? त्यांनी आणि त्यांचे सहकारी विनोदकुमार एटाचेरी यांनी ते तुकडे 500 ते 900 अंशांवर तापवले. त्यातून कार्बन निघाला आणि त्याची बॅटरी केली. मार्च 2015 मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीच्या डेन्व्हरच्या अधिवेशनात त्यांनी निकाल मांडला : एका ग्रॅममागे 420 मिलिअँपिअर-तास. ग्रॅफाइटच्या 372 पेक्षा जास्त. 300 वेळा भरून काढली तरी चाळ शाबूत! कारण काय? ग्रॅफाइटची रचना नीटस, मोजून थर लावलेली. या कार्बनची रचना वेडीवाकडी, त्यात सांदीकोपरे, भोकं पुष्कळ. त्या सांदीकोपऱ्यांतही लिथियम बसतं.

2016 साली त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्याने फुलांच्या परागकणांपासूनही असाच कार्बन करून पाहिला. मधमाश्यांनी गोळा केलेले पराग आणि पाणकणसाचे पराग. पाणकणीस म्हणजे ओढ्याकाठी, तळ्याकाठी वाढणारं ते लांब कणसाचं गवत. कुठे काय उपयोगाचं असेल, सांगता येत नाही.

आणि आता ती पहिली युक्ती. 2018 सालचं काम. लिथियम महाग, जगात मोजक्या ठिकाणी सापडतं. म्हणून शास्त्रज्ञ सोडियमकडे वळले. सोडियम मिठात असतं, समुद्रभर आहे. पण सोडियमच्या बॅटरीत एक खोड आहे. पहिल्या काही वेळा चार्ज करताना बरंच सोडियम कार्बनलाच चिकटून बसतं, परत येत नाही. पेरलं तेवढं उगवलंच नाही, असं. डॉ. पोळ यांच्या गटाने काय केलं? सोडियमचे तुकडे द्रवात ठेवून त्यात तो न ऐकू येणारा आवाज सोडला. सोडियम वितळून जांभळट दुधासारखं झालं आणि थंड झाल्यावर त्याची बारीक पूड झाली. तिचे थोडेसे थेंब आधीच टोकावर सोडून ठेवले, की चिकटून बसणाऱ्याची भरपाई अगोदरच झाली.

पाहिलंत? विद्यार्थी असताना शिकलेली आवाजाची विद्या एवढ्या वर्षांनी दुसऱ्या देशात, दुसऱ्याच कामाला आली. शिकलेलं वाया जात नाही, हे आम्ही वर्गात हजार वेळा सांगितलं असेल. पण हे उदाहरण वाचलं तेव्हा आम्हाला स्वतःला ते पटलं.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. प्रयोगशाळेतलं यश म्हणजे दुकानातली बॅटरी नव्हे. प्रयोगातली बॅटरी बटणाएवढी असते. तिथून कारखान्यापर्यंत जाण्यात वर्षं जातात, कित्येक शोध वाटेतच राहतात. लिथियम बॅटरीचंच पाहा. व्हिटिंगहॅम यांचं काम 1970च्या दशकातलं, गुडइनफ यांचं 1980 सालचं, योशिनो यांचं 1985 सालचं, आणि बाजारात बॅटरी आली 1991 साली. म्हणजे जवळजवळ वीस वर्षं. संशोधन म्हणजे डाळिंबाची बाग नव्हे, तिसऱ्या वर्षी बहार धरायला. ते आंब्याचं झाड आहे. लावणारा एक आणि खाणारा दुसरा.

आणि हे सगळं परदेशातच होतं असंही नाही. डिसेंबर 2023 मध्ये पुण्याच्या केपीआयटी कंपनीने, पुण्याच्याच आयसर संस्थेबरोबर, सोडियम बॅटरीचं तंत्रज्ञान जाहीर केलं. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा 1950 पासून आहे. चांदवडहून सकाळच्या एसटीने निघालं तर दुपारी आपण तिथे पोहोचतो. मग आपल्या वस्तीतलं कोण तिथे आहे? आम्ही हिशोब केला आणि गप्प बसलो.

बंधूंनो, या देशात विजेचा विचार ज्यांनी पायापासून केला त्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. 1942 ते 1946 या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि वीज त्यांच्याकडे होती. देशाला स्वस्त आणि मुबलक वीज हवी, त्याशिवाय उद्योग नाही आणि गरिबी हटणार नाही, असं ते 1943 साली समितीपुढे मांडत होते. आपण त्यांचा फोटो लावतो, पण त्यांचा हा विषय आपल्या मुलांच्या दप्तरात दिसत नाही.

आता त्या मुलीची गोष्ट.

1996 साल. ती बारावी शास्त्र शाखेत चांगल्या मार्कांनी पास झाली. तिला बी. एस्सी. करायचं होतं, रसायनशास्त्र घेऊन. वडील कांद्याच्या खळ्यावर हमाली करायचे. ते आमच्याकडे आले, म्हणाले, “सर, तुम्ही सांगाल तसं करतो.” आम्ही फार विचार केला नाही. म्हणालो, “डी. एड.ला टाका. दोन वर्षांत नोकरी. बी. एस्सी. करून काय करणार?” त्यांनी तसंच केलं. ती शिक्षिका झाली, घर वर काढलं, भावंडांना शिकवलं. तिने आम्हाला कधी बोल लावला नाही.

मागच्या वर्षी ती घरी आली. बरोबर नववीतली तिची मुलगी. चहा झाला. ती हसत म्हणाली, “सर, आठवतं? मी विचारलं होतं, सेल उन्हात का चालतो. आता हिला सांगा. ही मला विचारते आणि मला अजून येत नाही.”

आम्ही त्या दिवशी उत्तर दिलं. जवळजवळ तीस वर्षं उशिरा दिलं. ती गेल्यावर रात्री झोप लागली नाही. नोकरी वाईट असं आम्ही म्हणत नाही. त्या काळी पोटाचा प्रश्न होता. पण आम्हाला कोणी विचारलं, की त्या पोरीला दोन वाटा होत्या हे तू तिच्या बापाला सांगितलंस का? तर नाही सांगितलं. कारण दुसरी वाट आम्हालाच माहीत नव्हती.

ती वाट आज सांगतो, लिहून घ्या. बारावीनंतर पुण्याच्या आयसरसारख्या संस्थेत जाता येतं, तिची वेगळी प्रवेश परीक्षा असते. एम. एस्सी.नंतर नेट परीक्षेतून जेआरएफ मिळाली, तर संशोधन करतानाच पैसे मिळतात. 2023 पासून ते महिन्याला 37,000 रुपये आहेत. पीएच. डी. म्हणजे बापाच्या जिवावर बसून शिकणं नव्हे! पुण्याच्या बार्टी संस्थेची फेलोशिप आहे. परदेशी जायचं तर राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, त्यात नवबौद्ध मुलं-मुली बसतात. नियम आणि तारखा दरवर्षी बदलतात, म्हणून जाहिरात आली की ती विहाराच्या फळ्यावर लागली पाहिजे. हे काम समितीने घ्यावं, अशी आमची हात जोडून विनंती.

आणि एक काम आम्ही घेतो. दर रविवारी सकाळी वंदना झाल्यावर एक तास आम्ही याच विहारात बसू. एक कपाट, थोडी तार, बल्ब, लिंबं, तांब्याच्या आणि जस्ताच्या पट्ट्या, एवढं आमच्याकडे आहे. शिवाय एक वही ठेवू. मुलांनी तिच्यात प्रश्न लिहायचे. परीक्षेला येणारे नकोत, ते शाळेत विचारा. इथे परीक्षेला न येणारे लिहा. उत्तर आम्हाला आलं तर देऊ, नाही आलं तर शोधून पुढच्या रविवारी देऊ.

आया-बहिणींनो, तुमच्या घरात एखादं पोर जुना रेडिओ उचकटत असेल, मोडका मिक्सर खोलून बसलं असेल, तर लगेच पाठीत धपाटा घालू नका. आधी विचारा, काय बघतोस रे? काय बघतेस ग? टाकून द्यायच्या तुकड्यांकडे बघून एक माणूस म्हणाला, याचं काही करता येईल का, आणि त्यातून बॅटरी झाली. आपली मुलं तर टाकाऊ कधीच नव्हती. त्यांना फक्त कोणीतरी नीट बघायला हवं आहे.

आमचे दोन शब्द लांबले, सांभाळून घ्या. पुढच्या रविवारी वही घेऊन बसलेलो असू. पहिल्या पानावर पहिला प्रश्न आम्ही लिहून ठेवला आहे : सेल उन्हात का चालतो? खाली तो विचारणाऱ्या मुलीच्या वर्गाचं साल लिहिलं आहे, आणि उत्तरही.

जयभीम! नमो बुद्धाय!